आतल्या कडीचा व्हिडिओ

मास्टरचं डोकं तापलं की हातात असेल ते उडायचं. नशीब एवढंच, की बहुतेक वेळा हातात कुलूप असायचं आणि समोर भिंत. दुकानाच्या त्या भिंतीला इतके खड्डे पडले होते, की नव्या गिऱ्हाइकाला वाटायचं, इथे कधीकाळी गोळीबार झाला असावा. 'मास्टर' हे नाव त्याला गल्लीने दिलं होतं, कारण त्याला उघडता येणार नाही असं कुलूप गल्लीत कुणी पाहिलं नव्हतं. पण उघडण्याआधी तो कुलपाशी भांडायचा. "बऱ्या बोलाने येतोस, का कानस लावू?" असं एखाद्या पितळी कुलपाला दरडावताना ऐकलं, की दारातला माणूस आपोआप दोन पावलं मागे सरकायचा.

धंदाही तसाच होता म्हणा. दार उघडायला बोलावणं आलं म्हणजे दर वेळी बिचाऱ्याची किल्लीच हरवलेली असते असं नाही. कधी दोन भाऊ एकाच खोलीवर हक्क सांगत असतात आणि मास्टर त्या दोघांच्या मधोमध उकिडवा बसून कुलपात तार घालत असतो. त्याचं नाक एका भाडेकरूने मोडलं होतं, आणि ते धड बसायच्या आत त्याच भाडेकरूच्या घरमालकाने पुन्हा. "दोघांचंही समाधान केलं मी," असं मास्टर वाकड्या नाकाने सांगायचा.

घरी मात्र हा माणूस लोण्याचा गोळा. निदान बायकोपुढे तरी. तिला सगळी गल्ली वहिनी म्हणायची, म्हणून आपणही तेच म्हणू. वहिनी एका इस्पितळात चौकशीच्या खिडकीत बसायची. आणि मास्टरची धाकटी बहीण दुकानाच्या मागच्या खोलीत राहायची. ती पाहुणी म्हणून आली नव्हती. सुजून बंद झालेला डोळा आणि एक पिशवी घेऊन आली होती.

तिचा नवरा टेम्पो चालवायचा. त्याचा हात बाईवर कसा चालायचा हे धाकटीने कधी सांगितलं नाही. तिला आंघोळीनंतर केस विंचरायला मदत करताना वहिनीने डोक्यावरच्या खुणा पाहिल्या आणि त्या दिवशी इस्पितळात चौकशीला आलेल्या प्रत्येक नवऱ्याला चुकीच्या मजल्यावर पाठवलं. टेम्पोवाला बायकोला न्यायला आला तेव्हा मास्टरने त्याचं स्वागत पाइपच्या पान्याने केलं. दोघे दुकानभर लोळले. टांगलेल्या किल्ल्यांचा त्यांच्यावर पाऊस पडला. शेजारचा न्हावी अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक तसंच सोडून मध्ये पडला, तेव्हा टेम्पोवाल्याचा पुढचा दात जमिनीवर होता आणि मास्टरची एक बरगडी जागा सोडून होती.

"किती दिवस कोंडून घेईल?" टेम्पोवाला तोंडातलं रक्त थुंकत म्हणाला. "दार माझ्यापुढे टिकत नाही."

मास्टरने त्याच दिवशी मागच्या खोलीच्या, पायरीवर उघडणाऱ्या दाराला आतून जाडजूड कडी बसवली. बरगडीला हात लावून, कण्हत, शिव्या घालत बसवली. धाकटी आत गेली, कडी सरकवली आणि पहिल्यांदाच पोटभर झोपली. तो माणूस पुन्हा तिच्यापर्यंत पोचू नये, एवढं एकच मागणं मास्टरचं जगाकडे होतं. बाकी सगळी कुलपं खड्ड्यात गेली तरी चालतील.

चॅनेलची कल्पना धाकटीची. दिवसभर खोलीत बसून काय करणार, तिने फोन उभा केला आणि म्हणाली, "दादा, तुला एवढं येतं ते दाखव की." मास्टरला आपलं बोलणं ऐकायला नेहमीच आवडायचं. त्याने पहिला व्हिडिओ केला, 'कुलूप म्हणजे काय'. त्यात कुलपाचं आजोळ, पणजोळ, कुळी सगळं आलं. कुलूप उघडायची वेळ आली तेव्हा फोनची बॅटरी संपली. तो चार लोकांनी पाहिला. त्यातले तीन घरचे होते, चौथा न्हावी, आणि न्हाव्याने हसण्यासाठी पाहिला होता.

"लोकांना अक्कल नाही," मास्टर म्हणाला आणि भिंतीत एक खड्डा वाढला.

वहिनीने चहा खाली ठेवला. "अहो, माझ्या खिडकीवर माणूस येतो आणि विचारतो, बाथरूम कुठे आहे. प्रत्येकाला बाथरूमच हवं असतं असं वाटतं का तुम्हाला? एखाद्याला रडायला जागा हवी असते. त्याचा चेहरा बघून सांगावं लागतं."

"व्हिडिओत चेहरा कुठे दिसतो बघणाऱ्याचा?"

"त्याने काय लिहून शोधलं ते दिसतं ना. हे बघा. 'किल्ली तुटून कुलपात अडकली.' हा माणूस कुठे उभा आहे?"

"मला काय माहीत कुठे उभा आहे."

"दाराबाहेर उभा आहे. हातात भाजीची पिशवी, आत गॅसवर दूध. आणि तुम्ही त्याला कुलपाचे पणजोबा सांगताय."

त्या दिवसापासून या घरात व्हिडिओ करायची एक रीत पडली. लोक शोधताना काय लिहितात ते वहिनी वाचायची आणि मग स्वतः तो माणूस व्हायची. पिशवी घेऊन दाराबाहेर उभी राहायची, घाम पुसायची, आत दूध उतू चाललंय म्हणून नाचायची. मास्टरने तिला सोडवायचं. त्याने एक जरी फालतू वाक्य टाकलं, की वहिनी हातातल्या लाकडी पट्टीने त्याच्या दंडावर सपकन मारायची. पहिल्या दिवशी मास्टरने "सर्वप्रथम" म्हटलं आणि फटका बसला. "मित्रहो" म्हटलं, फटका बसला. "आता आपण पाहणार आहोत" म्हटलं, तेव्हा तर वहिनीने पट्टी बाजूला ठेवून पिशवीच हाणली. कॅमेऱ्यामागे धाकटी इतकी हसली की चित्र हलायला लागलं. ती इथे आल्यापासून कुणी तिचं हसणं ऐकलं नव्हतं. त्यामुळे मास्टरने पुढचे दोनचार फटके मुद्दाम खाल्ले.

आणि चॅनेल चाललं. दंड काळेनिळे झाले, पण चालत सुटलं. 'कपाटाचं कुलूप गंजलं', 'लॅचचं दार वाऱ्याने बंद झालं', 'जुन्या मालकाकडे एक किल्ली राहिली': ज्याचा जो प्रश्न, त्याचंच उत्तर, आणि पहिल्याच वाक्यात. दूरदूरची माणसं 'मास्टरकाका, वाचवलंत' असं खाली लिहायला लागली. मास्टर ते वाचून दाखवायला न्हाव्याकडे जायचा. न्हावी म्हणायचा, "मास्टर, आता तुमच्या दाढीला रांग नाही." मास्टर दाढी नसतानाही जाऊन बसायचा.

अशात वहिनीला ते वाक्य सापडलं. दुसऱ्या कुठल्याही वाक्यापेक्षा जास्त लोक ते लिहीत होते. आतून कडी लावलेलं दार बाहेरून कसं उघडायचं, आवाज न करता.

"मूल अडकलंय," वहिनी लगेच म्हणाली. "बाथरूममध्ये. कडी लागली, आता निघत नाही." आणि ती अशी काही आई झाली, दारावर हात ठेवून आतल्या मुलाला "घाबरू नको रे" म्हणायला लागली, की मास्टरच्या डोळ्यांत पाणी आलं. हा व्हिडिओ जीव ओतून करायचा असं त्याने ठरवलं.

पण आतून कडी असलेलं, उजेडातलं, चांगलं दार घरात एकच होतं.

"माझ्याच दारावर?" धाकटीने विचारलं.

"तुझ्या दारावर काय तुझं नाव लिहिलंय?" मास्टर म्हणाला. "दार म्हणजे दार."

तिने फोन उभा केला. मास्टरने एक साधीशी वस्तू घेतली, फटीतून घातली आणि कडी मांजरीच्या पावलाने मागे सरकली. कशी, ते इथे सांगत नाही. त्याने ते जगाला सांगितलं तेच खूप झालं. वर त्याने एक वाक्य टाकलं. "घाई करायची नाही. सावकाश. दार आपलंच आहे." वहिनीची पट्टी उचलली गेली होती, पण हे वाक्य तिलाही आवडलं. फटका पडला नाही.

सुरुवातीला नाव ठेवलं होतं 'मूल आत अडकलं तर'. लोक यायचे आणि निघून जायचे. मग मास्टरने मूल काढून टाकलं आणि लोक जे लिहीत होते तेच, शब्दाला शब्द, नाव म्हणून ठेवलं. त्यानंतर बघणाऱ्यांचा आकडा असा धावायला लागला, की मास्टर गिऱ्हाइकाची किल्ली कापता कापता मध्येच थांबून तो बघायचा, आणि किल्ली वाया जायची. एका आईने खरंच लिहिलं, 'माझी मुलगी बाहेर आली, देव तुमचं भलं करो.' मास्टरने ते न्हाव्याच्या प्रत्येक गिऱ्हाइकाला वाचून दाखवलं. साबण लावलेला माणूस पळून जाऊ शकत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

मग खाली एकाने विचारलं, 'आतून कुणी दार ढकलून धरलं असेल तर?'

"याचाही करून टाकू," मास्टर म्हणाला. "वहिनीसाहेब, व्हा तयार. कोण उभंय बाहेर?"

वहिनी पिशवी घेऊन उठली आणि उभीच राहिली. तिला कोण व्हायचं ते सुचेना.

"मी सांगते कोण उभंय," धाकटी म्हणाली. "मूल अडकलं तर आई आवाज न करता कशाला उघडेल, दादा? ती तर सगळी इमारत गोळा करेल."

वहिनीने पिशवी खाली ठेवली.

"अगं, म्हातारे असतात आत. झोपलेले. त्यांची झोपमोड नको म्हणून..." मास्टरला स्वतःलाच ते वाक्य फालतू वाटलं, पण पट्टी हलली नाही.

"तो काढून टाक," धाकटी म्हणाली.

"आणि त्या आया? ती मुलगी बाहेर आली ती? चाकू विकणाऱ्याने दुकान बंद करायचं का?"

"चाकू विकणारा माझ्या दारावर उभा राहून दाखवत नाही."

मास्टरने कुलूप फेकलं. या वेळी ते भिंतीला न लागता आरशाला लागलं. "उद्या बघू," तो काचा गोळा करत म्हणाला. वहिनी त्याच्याबरोबर खाली बसली आणि हळूच म्हणाली, "चूक माझी आहे. मी फक्त आईच झाले. दुसरं कुणी होऊन बघितलंच नाही." मास्टरने मान हलवली. पण आकडा अजून धावत होता, आणि धावत्या आकड्याचे पाय तोडायला त्याचा हात होईना. त्याने खरंच ते उद्यावर टाकलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मास्टर किल्ल्या कापत होता. किल्ली कापायच्या यंत्रासमोर बसलं की जगबुडी झाली तरी ऐकू येत नाही. वहिनी कामावर गेलेली, धाकटी मागे आडवी झालेली. एक किल्ली झाली, यंत्र थांबलं आणि मास्टरला मागच्या बाजूने आपलाच आवाज ऐकू आला. "घाई करायची नाही. सावकाश." त्याला बरं वाटलं. बघतेय म्हणजे राग गेला पोरीचा. तो हसला आणि त्याने दुसरी किल्ली लावायला घेतली.

"दार आपलंच आहे," आवाज म्हणाला. आणि लगेच काहीतरी जड लोखंडावर आपटलं.

मास्टर पाना घेऊन धावला. मागच्या पायरीवर एक फोन भिंतीला टेकवून ठेवला होता आणि त्यात मास्टर हसतमुखाने कडी सरकवत होता. दार उघडं होतं. टेम्पोवाल्याने धाकटीचे केस मुठीला गुंडाळले होते आणि तो तिचं डोकं खाटेच्या लोखंडी दांडीवर आपटत होता, रागाने नव्हे, एखादं काम करावं तसा, एका तालात. तिचा डावा हात नको तिथून वाकला होता. उजव्या हाताची नखं तिने त्याच्या गालात रुतवली होती आणि ती सोडत नव्हती.

पहिला घाव मास्टरने त्याच्या खांद्यावर घातला. हाड मोडल्याचा आवाज सुक्या फांदीसारखा आला. टेम्पोवाला वळला, स्टूल उचललं आणि मास्टरच्या तोंडावर हाणलं. ते बिचारं नाक तिसऱ्यांदा गेलं. दोघे दारातून बाहेर कोसळले. मास्टरच्या हातून पाना सुटला, म्हणून मग त्याने मुठी वापरल्या. मग गुडघा. खालचा माणूस हात उचलायचा थांबला तरी मास्टर थांबला नाही. आधी तो शिव्या देत मारत होता, मग नुसताच मारत होता. न्हाव्याने मागून त्याच्या गळ्यात हात घातला, कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याने पाय ओढले, तेव्हा कुठे तो सुटला. टेम्पोवाल्याच्या तोंडातून रक्ताचे बुडबुडे येत होते. आणि पायरीवरचा व्हिडिओ संपून पुन्हा पहिल्यापासून लागला होता. रक्ताने माखलेला मास्टर आपल्याच स्वच्छ चेहऱ्याकडे बघत उभा राहिला. मग त्याने तो फोन टाचेखाली घेतला.

धाकटीच्या हाताला प्लास्टर बसलं, डोक्याला टाके पडले. वहिनीने आपल्याच इस्पितळात तिला खाटेपर्यंत सोबत केली, आणि त्या दिवशी चौकशीच्या खिडकीवर कुणीही नव्हतं. व्हिडिओ काढायला मास्टरला स्वतःची बोटं वापरता येईनात, ती सुजून केळ्यांएवढी झाली होती. ते काम वहिनीने केलं. "गेला," ती म्हणाली.

"कुठे गेला," मास्टर म्हणाला. "शिकणारे शिकून गेले."

नवं दार त्याने कुणाशी न बोलता केलं. जाड फळ्या, चौकटीत खोल गेलेले स्क्रू, आणि आडवा लोखंडी अडसर, ज्याला बाहेरून कुठली फट दिसत नाही. मग त्याने स्वतःच त्याला लाथा घातल्या. लंगडत जाऊन न्हाव्याला आणलं, त्यालाही घालायला लावल्या. दोघे मिळून लंगडायला लागले, तेव्हा त्याचं समाधान झालं.

टेम्पोवाल्याला पोलिसांनी नेलं होतं, पण तो जामिनावर सुटला आणि खांद्याची पट्टी निघायच्या आत आला. संध्याकाळ होती. मास्टर आणि वहिनी धाकटीच्या खोलीत तिच्या गोळ्या मोजत बसले होते. पहिला घाव बसला तेव्हा चौकटीवरची धूळ तिघांच्या डोक्यावर पडली. तो पहार घेऊन आला होता.

मास्टर उठला. वहिनीने मागून त्याचा पट्टा धरला आणि त्याला लोंबकळली. "सोड, आज संपवतोच," तो पुटपुटला आणि बायकोला फरफटत दारापर्यंत गेला. तिथे धाकटी उभी होती, प्लास्टरचा हात अडसरावर ठेवून.

"उघडायचं नाही," ती कुजबुजली. "माझं दार आहे. मी म्हणेन तेव्हा उघडायचं."

तिच्या डोळ्यांकडे बघून मास्टर खाली बसला. या माणसाने सगळं आयुष्य दारांच्या बाहेर काढलं होतं. आत बसून दार फुटायची वाट बघणं म्हणजे काय, हे त्याला ठाऊकच नव्हतं. घाव दातांत बसायचा. पुढचा वर बसेल का खाली, कळायचं नाही. आणि घावापेक्षा वाईट मधली शांतता. कारण तेव्हा टेम्पोवाला दाराला कान लावायचा. "आहेस ना आत? श्वास ऐकू येतोय तुझा." मास्टरचं तोंड उघडलं, तसा वहिनीने त्यात आपला पदर कोंबला.

धाकटीने पोलिसांना आणि न्हाव्याला आधीच निरोप पाठवला होता. आता ती फोनचा उजेड कमी करून काहीतरी शोधत होती. मास्टरने वाकून पाहिलं. दार तोडत असतील तर आतून काय लावायचं. एक माणूस पडद्यावर हातवारे करून तावातावाने समजावत होता, आणि आवाज बंद असल्याने त्याचं नुसतंच तोंड हलत होतं. तिला त्यातलं एक अक्षरही उपयोगी नव्हतं. तिने वर बघितलं. मास्टरने बोटाने खाट दाखवली, मग बिजागरीची बाजू. तिघांनी खाट उचलून तिथे लावली. त्याने खिशातली पटाशी काढून दाराखाली, आवाज नको म्हणून ठोकून न बसवता, पाचरीसारखी दाबून बसवली, तळहात कापला तरी दाबली.

दार टिकलं. बिजागरीवर घाव नीट बसत नाही म्हणून टेम्पोवाल्याने चांगल्या हाताने पहार पूर्ण ताकदीने फिरवली, ती लोखंडावरून उसळली आणि त्याच्याच नडगीत बसली. तो पायरीवर ओरडत पडला होता, तेव्हा न्हावी दुकानातली खुर्ची घेऊन आला आणि पोलीस येईपर्यंत त्याच्या छातीवर ती ठेवून वर बसून राहिला. जामिनावर असताना पहार घेऊन आलेल्या माणसाला या वेळी कुणी घरी सोडलं नाही. बाहेर सगळं शांत झाल्यावरही धाकटीने बराच वेळ अडसर काढला नाही. मास्टरने एकदाही 'उघड' म्हटलं नाही.

पुढच्या व्हिडिओला ती स्वतः दाराच्या आतल्या बाजूला उभी राहिली, बघणारी म्हणून. पट्टी तिच्याच हातात होती. मास्टरने तोंड उघडलं की फटका. शेवटी त्याने तोंडाला रुमाल बांधून घेतला आणि अडसर कसा बसवायचा, खाट कुठे लावायची, पाचर कशी दाबायची, ते नुसत्या हातांनी दाखवलं. खाली मोठी अक्षरं. आवाज काहीच नाही.

न्हावी धावत आला. "मास्टर, आवाज बिघडलाय तुमचा. कुणाला तरी दाखवा."

व्हिडिओ बघितला जात होता, रोज थोडा थोडा, पण खाली एक अक्षर उमटत नव्हतं. कौतुकावर जगणाऱ्या माणसाला हे फार जड गेलं. तो दिवसातून कितीदा तरी जाऊन बघायचा. "एकानेही काही लिहू नये?" त्याने विचारलं.

"लिहिलं तर घरातल्याला दिसेल ना, दादा. बघतात आणि बघितल्याची खूणही फोनवरून लगेच पुसून टाकतात."

मास्टरने त्यावर बराच विचार केला.

"खिडक्यांचं विचारतं का कुणी?"

"सगळ्यात जास्त," धाकटी म्हणाली, आणि चांगल्या हाताने फोन घेऊन उठली.